जन्मजात इंग्रजीवाले आणि आमच्या चटयांचा काठ

तापीकाठचा | मंगळवार, रात्री ९:४०

जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया विणणाऱ्या एका कारखान्यात मी निर्यातीचं टेबल सांभाळतो. गिऱ्हाइकाच्या मेलना उत्तरं द्यायची, नमुने पाठवायचे, कंटेनर न्हावा शेवा बंदराला कधी लागणार ते विचारत बसायचं, असं काम. इंग्रजी रोजच लिहितो-बोलतो. शिकलो मात्र पाचवीपासून, एबीसीडीपासून, जिल्हा परिषदेच्या शाळेत.

आमचा एक खरेदीदार इंग्लंडातला आहे. दर गुरुवारी त्याच्याबरोबर व्हिडिओ कॉल असतो. माल तपासणारी बाई व्हिएतनामची, जहाजाचं बघणारा माणूस तुर्कस्तानचा, इकडून मी, आणि तिकडून खुद्द साहेब. साहेब यायला पाच-दहा मिनिटं उशीर करतात. तेवढ्या वेळात आम्ही तिघं काय छान बोलतो म्हणून सांगू! व्याकरणाचा पार भुगा. 'शिप कम मंडे, नो प्रॉब्लेम, बट पेपर नो कम.' सगळ्यांना सगळं कळतं. हसतोसुद्धा. मग साहेब येतात, हवापाण्याबद्दल काहीतरी बोलून स्वतःच हसतात, आणि आम्ही तिघं शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखे गप्प.

आता मुद्द्याचं. नव्या चटईचा नमुना पाठवला होता. चटईच्या चारी बाजूंनी कापडी पट्टी शिवतात ना, ती कोपऱ्यावर दुमडते तिथे शिवण जरा सैल राहत होती. करंगळी घातली तर आत जायची. साहेबांनी नमुना कॅमेऱ्यासमोर धरला, उलटसुलट केला आणि म्हणाले, 'इट्स क्वाइट नाइस. आय वुड परहॅप्स जस्ट हॅव अ लिटल थिंक अबाउट द एजिंग.' मी वहीत लिहिलं: नमुना ओके, काठाबद्दल साहेब विचार करणार.

साहेब विचार करतायत म्हणून आम्ही वाट बघितली. कळवलं तर नाहीच काही. तारीख आली तसा चाळीस फुटी कंटेनर भरून रवाना केला. माल पोहोचल्यावर मेल: काठ 'ठरल्याप्रमाणे' बदललेला नाही, सबब बिलातून आठ टक्के कापतोय. मालकांनी मला समोर बसवून मेल मोठ्यानं वाचायला लावली.

नंतर व्हिएतनामच्या बाईला हळूच विचारलं, तू काय लिहून घेतलं होतंस? तिनं वहीचा फोटो पाठवला. 'सॅम्पल ओके.' तुर्कस्तानवाल्याचंही तेच. चौघांत एकालाच माहीत होतं की 'जरासा विचार करावासा वाटतो' म्हणजे 'हे चालणार नाही, बदला.' आणि आपलं बोलणं कुणाला कळलं नसेल, ही शंका त्या एकालाच आली नाही.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. इंग्रजी आईच्या दुधातून मिळालेल्यांचे फायदे तर दिसतातच. पण त्यांना काय दिसत नाही? इथे बरेच जण परदेशी लोकांबरोबर काम करतात. अनुभव सांगा.

---

भरीत_पार्टी | मंगळवार, रात्री ९:५८

रुमाल टाकून ठेवतो. शेतात वांगी भाजायला घेतलीत, हात काळे आहेत. सावकाश लिहितो.

---

प्रश्नचिन्ह | मंगळवार, रात्री १०:३०

तापीकाठचे भाऊ, आठ टक्क्यांचं वाईट वाटलं. पण धाग्याचा सूर मला कोल्ह्याला द्राक्षं आंबट असा वाटतोय. 'त्यांना काय दिसत नाही' म्हणून आपण आपल्यालाच गोंजारून घ्यायचं.

फायदे किती आहेत ते आधी मोजा. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला जायचं तर तो व्हिसा साधारणपणे सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. तिथला विशीतला पोरगा पदवी घेऊन विमानात बसतो. आपल्याकडे तीस वर्षं इंग्रजी शिकवलेले सर ते दार बाहेरूनच बघतात.

संशोधनाचंही तेच. आठ देशांतल्या ९०८ पर्यावरण-शास्त्रज्ञांना विचारून केलेला एक अभ्यास २०२३ साली छापून आला. इंग्रजी मायबोली नसलेल्यांचे निबंध केवळ भाषेपायी परत येण्याचं प्रमाण सुमारे अडीच पट निघालं. वाचायला वेळ जास्त, लिहायला वेळ जास्त, आणि परिषदेत उभं राहायची भीती वेगळी. एकाच अकलेची दोन माणसं घ्या. एकाला दिवसाचे आठ तास मिळतात आणि दुसऱ्याचे त्यातले दोन शब्दकोशात जातात.

तेव्हा आंधळी बाजू वगैरे ठीक आहे, पण ती त्यांना परवडते. तुमच्या गोष्टीतच बघा. बोलणं कळलं नाही ते साहेबाचं, आणि पैसे कापले तुमचे.

---

अमळनेर_ते_लीड्स | बुधवार, पहाटे ३:१५

प्रश्नचिन्ह यांचं शेवटचं वाक्य झोंबलं, कारण खरं आहे. (इथे अजून रात्र आहे, ड्यूटीवरून आत्ता आले.)

मी यॉर्कशरमधल्या एका इस्पितळात डॉक्टर आहे. शाळा अमळनेरला, नंतर धुळे. इंग्रजीच्या सगळ्या परीक्षा चांगल्या गुणांनी पास होऊन इकडे आले. पहिल्या आठवड्यात एक म्हातारेबुवा म्हणाले, 'आय अ‍ॅम नॉट टू क्लेव्हर टुडे, लव्ह.' मला वाटलं बिचारे स्वतःला कमी अकलेचे म्हणतायत. मी धीर दिला, 'नो नो, यू आर व्हेरी इंटेलिजंट.' शेजारच्या नर्सच्या हातातून ट्रे पडायचा राहिला. इकडे 'नॉट टू क्लेव्हर' म्हणजे तब्येत बरी नाही. लघवीच्या तक्रारीला 'वॉटरवर्क्स'. मला आधी नगरपालिकेचा पाणीपुरवठाच आठवला.

ही झाली माझी फजिती. पण दोन-तीन वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली. वॉर्डात पोलंडची बाई आली, मीरपूरकडचे आजोबा आले, सोमालियाचा मुलगा आला की सहकारी मला हाक मारतात. मला पोलिश येत नाही आणि सोमाली तर नाहीच. पण माझं इंग्रजी त्यांना कळतं, त्यांचं मला कळतं. मी वाक्य तोडून बोलते. 'पॉप युअरसेल्फ अप ऑन द बेड' असं न म्हणता 'प्लीज सिट हिअर' म्हणून हात दाखवते. माझा इथेच जन्मलेला सहकारी मनानं अतिशय चांगला आहे. समोरच्याला कळलं नाही की तो तेच वाक्य पुन्हा म्हणतो, फक्त मोठ्या आवाजात. त्याला दुसरं वाक्य सुचतच नाही, कारण पहिल्यात अवघड काय होतं हेच त्याला दिसत नाही. त्या 'पॉप'ला ठेच लागू शकते हे ठेच लागलेल्यालाच माहीत.

आणि यात त्याचा दोष तरी किती? त्याला ठेच लागायची वेळच आली नाही. इंग्लंडात २००४ पासून चौदा वर्षांनंतर परकी भाषा शिकणं सक्तीचं राहिलेलं नाही. माझा मुलगा त्याच शाळेत जातो. अमळनेरहून सासूबाईंचा फोन येतो. त्या विचारतात, 'काय करी राह्यना रे भाऊ?' त्याला कळतं सगळं. उत्तर देतो इंग्रजीत. सासूबाई मग मला विचारतात, 'काय बोलना तो?' या घरात दुभाषी मीच आहे, पगार नाही.

---

तापीकाठचा | बुधवार, सकाळी ११:०५

लीड्सताई, 'तेच वाक्य, मोठ्या आवाजात' याला दंडवत. आमचे साहेब हुबेहूब.

प्रश्नचिन्ह, गोंजारून घ्यायला कुणाला वेळ आहे हो. मला पुढचा कंटेनर वाचवायचाय.

अजून एक गंमत. साहेबांची मेल आली होती: 'वी शूड रीव्हिजिट द प्राइस.' आमचे हिशेबनीस नाना सत्तरीचे. त्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, 'आपण का आम्ही?' मला कळेना. नाना म्हणाले, 'अरे, भाव पुन्हा बघायचा तो त्यांच्यात्यांच्यात बसून, का आपल्यासकट? त्यांच्यात बसून म्हणजे कमी करणार. आपल्यासकट म्हणजे बोलायला वाव आहे.'

मराठीत हा प्रश्न पडतच नाही. 'आम्ही बघतो' आणि 'आपण बघू' यात पाच वर्षांचं पोरसुद्धा चुकत नाही. इंग्रजीत दोन्हीला एकच 'वी'. बरं, त्याची अडचण त्यांना जाणवत नाही, कारण त्यांच्याकडे दुसरा शब्दच कधी नव्हता. घरात एकच खोली असलेल्याला 'कुठल्या खोलीत ठेवू?' असं विचारलं तर तो काय सांगणार. मी मेल करून विचारलं, 'वी' म्हणजे कोण? साहेबांचं उत्तर, 'वेल, ऑल ऑफ अस, आय सपोज!' म्हणजे लिहिताना त्यांनीही ठरवलेलं नव्हतं.

---

निवृत्त_गार्ड | बुधवार, दुपारी ४:२०

नातू टंकतोय, मी सांगतोय. चूक असली तर त्याची.

तुम्ही सगळे इंग्लंड-अमेरिकेत शोधताय. जन्मजात इंग्रजीवाले आमच्या भुसावळात होते. अँग्लो-इंडियन. घरात इंग्रजी, देवाची प्रार्थना इंग्रजी, बायकोशी भांडण इंग्रजीत. मी नोकरीला लागलो तेव्हा वाफेची इंजिनं होती आणि ड्रायव्हरांत ही मंडळी अजून होती. माझ्या पहिल्या वर्षी ज्या ड्रायव्हरमागे मी ब्रेकव्हॅनमध्ये असायचो, त्याचा आजोबासुद्धा भुसावळ लोकोतच. त्यांच्या इंग्रजीला अस्सल गोरे 'ची-ची' म्हणून नाक मुरडायचे. 'आय से, मॅन' असं सुरू झालं की समजायचं.

रेल्वेत त्यांना फायदा होताच. सगळी पुस्तकं, सगळे नियम इंग्रजीत. आम्ही जनरल रूल्स घोकायचो, ते नुसतं वाचायचे. बढतीच्या तोंडी परीक्षेत आम्हाला घाम, ते पाय हलवत बसायचे.

साठच्या दशकात हा ड्रायव्हर बिऱ्हाड मोडून 'होम'ला गेला. होम म्हणजे इंग्लंड, जे त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. दोन वर्षांनी त्याचं पत्र आलं, मला इंग्रजी वाचता येतं म्हणून मला. त्यात एक ओळ होती ती अजून आठवते. शेजारीण त्याला म्हणाली, तुम्ही किती छान इंग्रजी बोलता, कुठे शिकलात? त्यानं लिहिलं होतं, आता तिला काय सांगू, आईजवळ शिकलो?

मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

संविधानात ३६६ व्या कलमात त्यांची व्याख्या आहे. वडिलांकडून युरोपी वंश लागतो. लोकसभेत त्यांचे दोन नियुक्त खासदार असायचे, ती तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात इंग्रजी मायबोली सांगणारे २ लाख ६० हजारांच्या आसपास होते. एवढ्या मोठ्या देशात एवढेच. आणि त्यांतल्या कितींना तिकडचे लोक आपलं मानतील? तेव्हा 'जन्मजात' कोण, हे तोंड बघून ठरतं, असं माझं मत.

नातू म्हणतो लांबलं. बास.

---

भरीत_पार्टी | बुधवार, सायंकाळी ७:०२

आप्पा, नमस्कार. धागा वसूल झाला. ते पत्र अजून आहे का?

---

निवृत्त_गार्ड | बुधवार, सायंकाळी ७:३०

क्वार्टर सोडताना गेलं कुठेतरी.

---

हँगर_नंबर_दोन | बुधवार, रात्री ११:१२

मी मूळ धुळ्याचा, सध्या नागपुरात विमानं दुरुस्त करतो. आमच्या धंद्यात या प्रश्नावर जगानं रीतसर उपाय काढलाय. तो सांगतो.

विमानाची दुरुस्ती-पुस्तकं लिहायला एक सोपी केलेली इंग्रजी आहे. १९८६ च्या सुमाराला युरोपातल्या विमान उद्योगानं ती काढली. सुमारे ९०० मंजूर शब्द, वर यंत्रांची नावं. एका शब्दाला एकच अर्थ. 'फॉलो' म्हणजे मागून येणं, बस. सूचना पाळायची असेल तर 'ओबे' लिहायचं. काम सांगणारं वाक्य वीस शब्दांच्या वर न्यायचं नाही. आमच्या प्रशिक्षकांनी सांगितलेलं लक्षात राहिलंय: ही इंग्रजी शिकायला सगळ्यात जास्त त्रास होतो तो जन्मजात इंग्रजीवाल्यांना. आम्हाला ९०० शब्द म्हणजे चैन. त्यांना हात बांधून जेवायला बसवल्यासारखं होतं.

आता हसण्यासारखं नसलेलं. २५ जानेवारी १९९०, कोलंबियाचं आव्हिआंका ५२ विमान न्यूयॉर्कला येत होतं. हवा खराब, गर्दी, आकाशात तासापेक्षा जास्त घिरट्या घालायला लावल्या. इंधन संपत आलं. कॅप्टननं स्पॅनिशमध्ये सहवैमानिकाला सांगितलं, आणीबाणी आहे म्हणून सांग त्यांना. सहवैमानिकानं रेडिओवर इंग्रजीत सांगितलं, आमचं इंधन संपत चाललंय. 'इमर्जन्सी' हा शब्द त्याच्या तोंडून गेलाच नाही. खालच्या माणसांच्या लेखी इंधन कमी असणं रोजचंच, 'इमर्जन्सी' म्हटलं की सगळी धावपळ. विमान लाँग आयलंडवर पडलं, ७३ माणसं गेली. चौकशीत ठपका वैमानिकांवर आला, नियमानं तो बरोबरच आहे. पण मला नेहमी वाटतं, रेडिओच्या त्या टोकाला कुणी दुसऱ्या भाषेत धडपडलेला माणूस असता तर त्यानं एकदा तरी विचारलं असतं, 'बाबा रे, म्हणजे नक्की काय?'

पुढे आंतरराष्ट्रीय नियम झाला. मार्च २००८ पासून परदेशी उड्डाणं करणारे वैमानिक आणि त्यांच्याशी बोलणारे नियंत्रक यांना इंग्रजीची किमान चौथी पायरी लागते, सहापैकी. त्याच नियमांबरोबरच्या मार्गदर्शनात इंग्रजी मायबोली असलेल्यांसाठीही लिहिलंय: सावकाश बोला, म्हणी-वाक्प्रचार टाळा, समोरच्याला कळलं का ते बघा. म्हणजे तुमचीही जबाबदारी आहे हे कुठेतरी लेखी आलं.

---

निवृत्त_गार्ड | गुरुवार, सकाळी ८:००

आमच्या रेल्वेतलं 'लाइन क्लिअर', म्हणजे पुढची लाइन मोकळी आहे, गाडी सोडा, हेही तेच. बिहारचा असो, मद्रासचा असो, शब्द तोच आणि अर्थ एकच. वर दोन स्टेशन मास्तरांनी प्रायव्हेट नंबर, म्हणजे खातरजमेचा आकडा, एकमेकांना सांगायचा, तो दोघांनी लिहायचा. तोंडच्या शब्दावर गाडी सोडायची नाही.

---

काठावरचा_वाचक | गुरुवार, सकाळी ९:४१

यात इंग्रजी न येणाऱ्यांचाच दोष, असं नाही. जन्मजात इंग्रजीवाले आपापसातही फसतात. कोरियाच्या युद्धात एप्रिल १९५१ मध्ये इमजिन नदीवर एका ब्रिटिश पलटणीला चिन्यांनी वेढलं. ब्रिटिश ब्रिगेडियरनं अमेरिकन सेनापतीला कळवलं की परिस्थिती 'अ बिट स्टिकी' आहे. इंग्लंडात त्याचा अर्थ होतो मरणाची वेळ आलीय. अमेरिकनानं घेतला तो 'थोडी अडचण आहे, निभावेल.' मदत वेळेवर पोहोचली नाही असं सांगतात. ती पलटण जवळजवळ सगळी मारली गेली किंवा कैदेत गेली.

आणि 'टेबल' करणं. ब्रिटिशांच्या सभेत विषय टेबल करा म्हणजे चर्चेला घ्या. अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवा. एकाच वाक्यावर दोघं मान डोलावतात आणि उलट्या दिशांना चालू लागतात.

---

आहिराणी_शे | गुरुवार, दुपारी १:१५

तापीकाठना भाऊ, तुन्हं म्हननं बराबर शे. पन मी दुसरी बाजूनं सांगस.

(आता मराठीत लिहितो, नाहीतर अर्धे जण पळतील.)

१९९८ साली साक्री तालुक्यातून पुण्याला वसतिगृहात गेलो. पहिल्या दिवशी खोलीतल्याला म्हटलं, 'माले पानी दे रे.' दोन वर्षं माझं नाव 'माले' होतं. मी काही रडत बसलो नाही, शिकलो. सहा महिन्यांत 'मला', 'तुला', 'आहे', 'नव्हतं' सगळं सरळ. आज कुणाला कळणार नाही मी कुठला.

पण त्या पोरांना मराठीच्या बाबतीत जे दिसत नव्हतं ते मला दिसायचं. 'मी येतो हं' म्हणून लोक जातात, हे मला ऐकू यायचं. त्यांना ते ऐकू येत नव्हतं, ते फक्त म्हणायचे. 'बघतो, सांगतो' याचा अर्थ 'नाही' असतो, हे मी वहीत लिहून ठेवलं होतं. आमच्याकडे नाही म्हणजे 'नही.' तुझ्या साहेबाचा 'लिटल थिंक' मला पुण्यातच भेटला होता भाऊ.

म्हणून मी म्हणतो, हा इंग्रजांचा रोग नाही. जिची भाषा पुस्तकात छापलीय, त्या प्रत्येक माणसाला तो होतो.

---

प्रश्नचिन्ह | गुरुवार, दुपारी २:०३

आहिराणी_शे, इथे पुणे आणायची गरज होती का? आता शंभर प्रतिसाद त्यावरच.

---

आहिराणी_शे | गुरुवार, दुपारी २:१०

मी 'बघतो' बरं.

---

सातपुड्याची_मास्तरीण | गुरुवार, रात्री ९:५०

वाचत होते, लिहावं की नाही ठरत नव्हतं. आहिराणीभाऊंचं वाचून लिहिते.

मी चोपड्याची. घरात मराठी, तीही बऱ्यापैकी पुस्तकी, वडील शिक्षक होते म्हणून. नोकरी लागली धडगाव तालुक्यात, अक्राणीत. रस्त्यापासून तीन किलोमीटर चढून शाळा. पहिलीच्या वर्गात एकवीस मुलं, सगळी पावरा आदिवासींची. घरी पावरी बोलतात. मराठी त्यांना तेवढीच परकी जेवढी तुम्हाला यॉर्कशरची इंग्रजी.

मी कविता शिकवली. चालीत म्हटली, मुलांनी छान म्हटली. मग मी म्हटलं, 'आता ही तोंडपाठ करा.' वर्ग शांत. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं मागेपुढे बघितलं, एक हात तोंडावर ठेवला आणि दुसरा हात वळवून पाठीवर नेला. तिच्या शेजारच्यानं बघून तसंच केलं. मिनिटभरात एकवीस मुलं एक हात तोंडावर, एक हात पाठीवर. आणि माझ्याकडे बघतायत, बरोबर आलं ना म्हणून.

त्या दिवसापर्यंत 'तोंडपाठ' या शब्दात तोंड आणि पाठ आहे हे मला ठाऊकच नव्हतं. पस्तीस वर्षं मराठी बोलत होते.

त्या आधीच्या दोन महिन्यांत मी काय काय बोलले असेन, आणि मुलं नुसती मान डोलावत असतील? अधिकारी आले की मी सांगायचे, 'मुलं हुशार आहेत, पण बोलत नाहीत.' बोलत नाहीत! मधल्या सुट्टीत झाडाखाली तीच मुलं माझ्याहून जास्त बोलायची.

प्रश्नचिन्ह म्हणाले ना, चूक त्यांची आणि पैसे कापले तुमचे. माझ्या वर्गात गुण कापले जात होते. माझे नाही.

---

अमळनेर_ते_लीड्स | शुक्रवार, पहाटे ४:०२

ताई. काय लिहू. पुढे काय केलंत?

---

सातपुड्याची_मास्तरीण | शुक्रवार, सकाळी ७:१५

फार काही नाही. चौथीतल्या एका मुलीला पहिलीत बसवायला लागले, ती सांगायची पावरीत काय म्हणतात ते. मी वहीत उतरवायचे. माझे उच्चार ऐकून वर्ग लोळायचा. एका शब्दावर तर इतके हसले की अजून त्याचा खरा अर्थ मला कुणी सांगितलेला नाही. पण त्यानंतर मुलं बोलायला लागली. मी चुकते म्हटल्यावर त्यांना चुकायची भीती राहिली नसावी.

---

प्रश्नचिन्ह | शुक्रवार, सकाळी १०:४०

मास्तरीणबाई, माझा पहिला प्रतिसाद जरा तिखट होता. मुद्दा मागे घेत नाही, फायदा तो फायदाच. फक्त इतके दिवस मी स्वतःला तोटा झालेल्यांच्या बाकावर बसलेला समजत होतो. माझी मायबोलीही छापील मराठी आहे, आणि माझ्या हाताखाली सतरा माणसं काम करतात, त्यांतली निम्मी तडवी आणि भिल्ल. आज जरा कान देऊन ऐकलं मी काय बोलतो ते. 'जमवून घ्या जरा' असं मी सकाळपासून चार वेळा म्हणालो. कुणीच विचारलं नाही काय जमवायचं.

अवांतर: इंग्रजीवाल्यांनाही कधी कधी फटका बसतो बरं. २०१७ साली एका आयरिश पशुवैद्य बाईंना ऑस्ट्रेलियात राहायचं होतं. इंग्रजी त्यांची मायबोली, दोन पदव्या. संगणकानं घेतलेल्या तोंडी परीक्षेत ७९ हवे होते, ७४ पडले. बातमी वाचून मी पेढे वाटणार होतो.

---

भरीत_पार्टी | शुक्रवार, दुपारी १२:३०

हात धुतले, आता लिहितो. माझा अनुभव छोटा आहे. केळीच्या बागेत एकदा परदेशी पाहुणे आले होते, रावेरला. त्यांतल्या गोऱ्या बाईंनी कळण्याची भाकरी आणि भरीत खाल्लं, डोळ्यांतून पाणी, आणि म्हणाल्या, 'इंटरेस्टिंग!' आम्ही खूश. आणखी दोन पळ्या वाढलं.

आज हा धागा वाचून कळलं.

---

तापीकाठचा | शुक्रवार, रात्री १०:१०

काल गुरुवार होता, कॉल झाला. तुमच्यासाठी अहवाल.

हँगरवाल्यांचं आणि आप्पांचं वाचून मी आधीच एक कागद करून पाठवला होता. सात ओळी. प्रत्येक ओळीत एकच गोष्ट: रंग, विणीची घट्टी, लांबी, रुंदी, काठाची पट्टी, कोपऱ्याची शिवण, गठ्ठा बांधणी. पुढे दोनच चौकोन: 'अ‍ॅक्सेप्ट' आणि 'चेंज'. खाली लिहिलं होतं, कृपया प्रत्येक ओळीत एकच खूण करावी. मालक म्हणाले, साहेबाला शाळकरी पोरासारखा पेपर देतोस, चिडेल. मलाही धाकधूक होती.

साहेब कॉलवर आले, कागद समोर धरला, जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, हे चांगलं केलंत. आणि एकेका ओळीवर खूण करत गेले. काठाच्या पट्टीवर 'चेंज'. कोपऱ्याच्या शिवणीवर 'चेंज'. रंगावर पेन थांबलं. आम्हाला वाटत होतं रंग त्यांना फारच आवडलाय, कारण दर वेळी 'लव्हली' म्हणायचे. तिथेही 'चेंज'. व्हिएतनामच्या बाईनं मला खाजगीत एक हसरा चेहरा पाठवला.

मग मी धीर करून विचारलं, मागच्या वेळी तुम्ही 'विचार करावासा वाटतो' म्हणालात, ते आम्हाला कळलं नव्हतं, तिघांनाही. साहेब खरोखर गोंधळले. 'बट आय वॉज क्वाइट क्लिअर,' म्हणाले. तुर्कस्तानवाला म्हणाला, 'नो.' नुसतं एवढंच. साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पेन खाली ठेवलं आणि विचारलं, अजून कुठे कुठे असं झालंय? मला झटकन तीन आठवली. व्हिएतनामच्या बाईकडे पानभर यादी होती.

कापलेल्या आठ टक्क्यांचं विचारलं. म्हणाले, 'लीव्ह इट विथ मी.'

हे नानांना सांगितलं. नाना म्हणाले, ते 'नाही' का 'हो' ते लीड्सवाल्या बाईंना विचार.

पट्टीचा नवा रोल सुरतहून सोमवारी यायचाय, तोवर शिवणीची दोन मशिनं उभी आहेत.

---

अमळनेर_ते_लीड्स | शनिवार, पहाटे २:४५

नानांना सांगा, पन्नास-पन्नास. पण सोमवारी एका ओळीची मेल टाकून विचारा, आणि खाली दोन चौकोन काढा.